वडोदऱ्यात राहून जपानी शिकायची आहे, रोमन लिपीतून सुरुवात केली तर चालेल का?

नका करू, उच्चार बिघडतात आणि ती सवय मग सुटत नाही. आधी हिरागाना ही जपानीची मूळ लिपी शिका. मूळ अक्षरं 46च आहेत. क्रमही आपल्या ओळखीचा: अ-इ-उ-ए-ओ, मग का-कि-कु-के-को. रोज एक ओळ गिरवली, तर दोन आठवड्यांच्या आत हातात बसते. नंतर काताकाना, म्हणजे मुख्यतः परकीय शब्दांसाठीची लिपी. कांजीची, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरचिन्हांची, घाई नको.

वाक्यं मात्र मराठीतूनच जुळवा, इंग्रजीतून नाही. 'मी भात खातो' म्हणजे 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु.' क्रियापद शेवटी, आणि 'वा', 'ओ' आपल्या प्रत्ययांसारखे शब्दामागून येतात. वाक्याचा साचा तुमच्याकडे आधीच आहे, हा फार मोठा फायदा आहे.

घरात मराठी आणि मांडवीच्या बाजारात गुजराती, असं आपण सहज बोलतो, कारण गुजराती कानावर पडली आणि आपण ती बोलत गेलो. जपानीचंही तेच करा. रोज दहा मिनिटं ऐकलेली वाक्यं मोठ्याने म्हणा. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत (पहिली पायरी एन5) तोंडी भाग नसतो, त्यामुळे नुसत्या परीक्षेच्या तयारीत बोलणं राहूनच जातं.