‘निर्वासित’ नव्हेत, मग कोण?

एका वाचनगटाकडून आलेला प्रश्न आहे. गटाने मिशेल मॅगोरियन यांची ‘गुडनाइट मिस्टर टॉम’ ही १९८१ सालची किशोरकादंबरी वाचली. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर लंडनच्या डेप्टफर्ड भागातला विल्यम हा भेदरलेला मुलगा एका खेड्यात, टॉम ओकली नावाच्या एकलकोंड्या म्हाताऱ्याच्या दारात आणून उभा केला जातो, तिथून गोष्ट सुरू होते. वाचून झाल्यावर सगळ्यांनी मराठीत अभिप्राय लिहिले. त्यांत विल्यमसारख्या मुलांना कुणी ‘निर्वासित’ म्हटले, कुणी ‘विस्थापित’, कुणी ‘स्थलांतरित’. एकीने सरळ ‘इव्हॅक्यूई’ (धोक्याच्या जागेतून हलवलेली व्यक्ती) हा इंग्रजी शब्दच लिहिला आणि तिथून वाद सुरू झाला. नेमका शब्द कोणता? ‘निर्वासित’ चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. अर्थ जवळपासचा असला तरी या शब्दाने गोष्टच बदलते.

आधी त्या मुलांचे काय झाले ते पाहू. १ सप्टेंबर १९३९ला ब्रिटनमध्ये मुले शहरांबाहेर न्यायला सुरुवात झाली आणि तीनेक दिवसांत सुमारे १५ लाख माणसे हलली. त्यांत शाळकरी मुले सर्वांत जास्त, शिवाय तान्ह्या मुलांच्या आया, गर्भवती स्त्रिया, शिक्षक. खांद्याला पुठ्ठ्याच्या खोक्यातला गॅस मास्क, कोटाला नावाची चिठ्ठी. पुष्कळ ठिकाणी गावच्या सभागृहात मुलांना ओळीने उभे करत आणि गावकरी ‘हा द्या, ती द्या’ म्हणून निवडून नेत. एकटे मूल घरात घेणाऱ्याला सरकार आठवड्याला साडेदहा शिलिंग देई. पण बॉम्ब काही पडेनात, तेव्हा जानेवारी १९४० पर्यंत जवळजवळ निम्मी मुले घरी परतलीसुद्धा. १९४०च्या शरदात खरे बॉम्ब पडू लागले आणि पाठवणे पुन्हा सुरू झाले.

म्हणजे या मुलांचे घर जागेवर होते. आईवडील बहुधा त्याच घरात होते, त्यांनीच मुलांना पाठवले होते. आणि परत येणे गृहीत होते. शब्द निवडताना या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

‘निर्वासित’ यातली एकही सांभाळत नाही. संस्कृतात त्याचा अर्थ हद्दपार केलेला. महाराष्ट्रात १९४७ नंतर हा शब्द कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांना चिकटला, पुढे त्याच छावणीचे उल्हासनगर झाले. त्यांच्यामागे घर उरले नव्हते. याच युद्धातले आपल्या मातीवरचे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे आहे. १९४३ ते १९४८ तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली, त्यांत बायका-मुलेच अधिक. त्यांतल्या पुष्कळांना नंतरही पोलंडला परत जाता आले नाही. वळिवड्याच्या मुलाला ‘निर्वासित’ म्हणावे, ते अगदी बरोबर आहे. मुले दोन्हीकडची, युद्ध एकच, तरी विल्यमला आणि त्या मुलाला एकाच शब्दात बसवले तर दोघांवरही अन्याय होतो.

‘विस्थापित’ म्हटले की मराठी कानाला मुळशी आणि कोयना आठवते. तिथे माणसाची जागाच पाण्याखाली गेली. ‘स्थलांतरित’ त्या मानाने निरुपद्रवी आहे, बातमीत किंवा इतिहासाच्या पुस्तकात मी तो चालवून घेईन. पण ऊसतोडीला जाणारे मजूर स्थलांतरित आणि खाडीवर उतरणारे रोहित पक्षीही स्थलांतरितच. त्यांना कुणी पाठवलेले नसते, ते आपणहून जातात. आठ वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून देणारा हात या शब्दात दिसत नाही.

कोशात डोकावणाऱ्यांना ‘निष्क्रांत’ सापडेल. फाळणीनंतर ‘निष्क्रांत संपत्ती’ हा कायद्यातला शब्दप्रयोग रूढ झाला, १९५०चा केंद्रीय कायदाच त्या नावाचा आहे. तिथे निष्क्रांत म्हणजे देश सोडून गेलेला, ज्याची मागे राहिलेली मालमत्ता सरकारच्या ताब्यात जाते तो. इंग्रजी शब्द तोच, ‘इव्हॅक्यूई’, पण त्यातले मूल हरवले. ‘निष्कासित’ तर नकोच. महापालिका अनधिकृत बांधकामे निष्कासित करते.

ही अडचण का येते, याचे उत्तर इंग्रजी शब्दाच्या पोटात आहे. त्याचे लॅटिन मूळ ‘रिकामे करणे’ या अर्थाचे. आधी जागा रिकामी व्हायची, माणसाचा उल्लेख नंतर आला. अशी जागेकडून बोलायची पद्धत मराठीतही आहे. प्लेगाच्या साथीत लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत, तेव्हा ‘गाव उठले’ म्हणत. ‘गाव खाली केले’ हेही ऐकू येते. पण उठलेल्या गावातल्या माणसाला आपण वेगळे नाम दिले नाही, कारण सगळे गाव एकत्रच उठत असे. आईबापांनी मागे राहायचे आणि मुलांनी तेवढे जायचे, हा प्रकार आपल्या ओळखीचा नव्हता.

म्हणून माझा सल्ला असा की नाम शोधण्यात शक्ती घालवू नका. मराठीचे बळ क्रियापदात आहे. सरकारी घोषणेच्या तोंडी ‘मुलांना सुरक्षित स्थळी हलवले’ घाला. पुराच्या बातम्यांमुळे हे वाक्य प्रत्येकाच्या कानावर आहे. ‘हलवणे’ आपण सामानाला आणि रुग्णाला वापरतो, कोटाला चिठ्ठी लावलेल्या मुलाला ते नको इतके शोभते. आईच्या तोंडी ‘गावाकडे पाठवलं’. गावकऱ्यांच्या तोंडी नुसते ‘लंडनची पोरं’. ‘इव्हॅक्यूई’ एखाद्या ठिकाणी, मुलाच्या संवादात, जसाच्या तसा राहू द्यावा. तो शब्द त्या मुलांनाही नवाच होता, आणि गावातली मुले त्याचे चिडवणारे ‘व्हॅकी’ करत. अभिप्रायात एकदा ‘युद्धकाळात खेड्यात पाठवलेली मुले’ असे लिहून पुढे ‘पाठवलेली मुले’ म्हटले तरी वाचकाला पुरते.

आता ज्या घरात ती राहिली, त्या बाजूचा शब्द. ‘आश्रित’ नको, त्यात ताटाखालचे मांजर बसले आहे. मला सर्वांत जवळचे वाटते ते ‘ठेवणे’. शिकायला पोराला मामाकडे ठेवला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. पाठवणारा ‘ठेवतो’ आणि घरातला ‘ठेवून घेतो’. ही जोडी इंग्रजीत नाही. तिच्यात पाठवणाऱ्याची लाचारी आहे आणि परतीची वाटही उघडी आहे.

टॉमच्या बाबतीत तर हे क्रियापद कादंबरीभर अर्थ बदलत जाते. (शेवट माहीत करून घ्यायचा नसेल त्यांनी इथे थांबावे.) सुरुवातीला तो विल्यमला ठेवून घेतो, कारण अधिकारी बाई दारात उभ्या आहेत आणि नाही म्हणायची सोय नाही. नंतर आई मुलाला लंडनला परत बोलावते आणि तिथे, स्वतःच्या घरात, त्याचे जे हाल होतात ते पाहून ‘निर्वासित’ हा शब्द मला प्रथमच योग्य वाटला. वाचनगटातल्या ज्यांनी तो वापरला, त्यांना बहुधा हाच प्रसंग डोळ्यांपुढे असावा. टॉम त्याला शोधत लंडनला जातो, घेऊन येतो, आणि पुढे रीतसर दत्तक घेतो. त्या प्रकरणावर लिहिताना ‘टॉमने विल्यमला ठेवून घेतलं’ एवढेच लिहा. पहिल्या प्रकरणातही हेच वाक्य लिहिले असेल, तर फार चांगले.