सर्चमध्ये अर्धे वऱ्हाडे काहून सापडत नाहीत?

प्रश्न : भाऊ, आमच्या गावच्या शेतकरी गटाची यादी माझ्याकडे आहे, नाव, गट नंबर, कापूस किती सोयाबीन किती, सगळं शीटमध्ये. काही नावं मी लॅपटॉपवर टाकली, काही लोकांनी मोबाईलवरून टाइप करून पाठवली. आता ‘वऱ्हाडे’ सर्च केलं तं काही जण येतात, काही येतच नाहीत, आन् खाली जाऊन पाहिलं तं तेच आडनाव तसंच्या तसं दिसते. फाइल खराब झाली काय?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : फाइल चांगली आहे भाऊ, नावंही बरोबर आहेत, फक्त ती दोन-तीन वेगळ्या पद्धतींनी साठवली गेलीत. कॉम्प्युटर अक्षराचं चित्र ठेवत नाही, नंबर ठेवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या अक्षरांना नंबर देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीच्या मुख्य तक्त्यात १२८ जागा आहेत आणि तिथे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, नुक्ता (अक्षराखालचं टिंब), पाय मोडायचं चिन्ह या सगळ्यांना आपापला नंबर आहे, जोडाक्षराला मात्र स्वतःचा नंबर नाही, ते फॉन्ट ऐनवेळी जुळवून दाखवतो. म्हणजे ‘वऱ्हाडे’ हे व, ऱ, मोडका पाय, ह, काना, ड, मात्रा असे ७ नंबर झाले.

आता खरी अडचण त्या आडव्या अर्ध्या र ची. तो तीन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (२३५३) आणि पाय (२३८१), हीच आजची सरळ पद्धत. दुसरा साधा र (२३५२), पाय आणि त्यानंतर झिरो विड्थ जॉइनर (८२०५), जो डोळ्याला दिसतही नाही आणि जागाही घेत नाही, ही युनिकोडच्या २.० आवृत्तीची पद्धत, जुनं लिखाण बिघडू नये म्हणून अजून चालू ठेवलीय. तिसरा साधा र, खाली नुक्ता (२३६४), मग पाय. स्क्रीनवर तिन्ही सारखेच, पण सर्च नंबराला नंबर लावून पाहतो, मग सापडणार कसं? एकच अक्षर वेगवेगळ्या नंबरांनी लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करायची नॉर्मलायझेशन नावाची सोय असते, ती तिसऱ्याला पहिल्यात आणते, पण जॉइनरवाल्याला हातही लावत नाही, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका.

न दिसणारी चिन्हं सरसकट उडवा असा सल्ला कोणी दिला तर तो बिलकुल ऐकू नका. जॉइनर गेला की तोच र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि नाव ‘वर्हाडे’ होतं. माणसाचं आडनाव आहे ते, उद्या सातबाऱ्याशी जुळवताना त्रास त्याच शेतकऱ्याला होणार.

त्यापेक्षा शेजारी नवीन कॉलम घ्या, मूळ कॉलम तसाच राहू द्या. सबस्टिट्यूट (SUBSTITUTE, एकाच्या जागी दुसरं टाकणारा) फॉर्म्युल्यात युनिचार (UNICHAR, नंबरावरून अक्षर देणारा) वापरून २३५२, २३८१, ८२०५ हे तिन्ही जोडून शोधायला द्या आणि त्याजागी २३५३, २३८१ टाका. मग त्याच्यावरच दुसऱ्यांदा २३५२, २३६४ शोधून २३५३ करा. फॉर्म्युल्यात आकडे इंग्रजीच टाका बरं, मराठी आकडे तिथे चालत नाहीत. सूर्यवंशी, आचार्य यांच्या रफाराला काही होत नाही, कारण तिथे जॉइनर नसतोच. पुढे सर्च नेहमी नव्या कॉलममध्ये करायचा आणि सर्चच्या डब्यात नाव टाइप न करता त्याच कॉलममधून कॉपी करून टाकायचं.

आणि हे सगळं डुप्लिकेट नावं काढायच्या आधी करा, नाहीतर एकच माणूस यादीत दोनदा राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. यादीत कोणी वकील असतील तर ‘ॲड.’ पण तपासा, कारण ॲ ला स्वतःचा नंबर (२४१८) २००८ मध्ये मिळाला, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, काही कीबोर्डवर अजूनही तसंच येतं, आणि त्या दोघांना नॉर्मलायझेशन एक करत नाही, तिथेही अ (२३०९) आणि चंद्र (२३७३) शोधून २४१८ टाकावं लागेल.