पहिला फोन चांगल्या बातमीचा कर

प्रिय भाचीबाई,
अनेक आशीर्वाद.

तुला कॅनडात, सरे शहरातल्या शाळेत चौथीचा वर्ग मिळाल्याचं तुझ्या आईने कळवलं. वर्गात तीन मुलं फर्स्ट नेशन्सची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची आहेत, त्यांच्यासाठी वेगळं काय करू, असं तू विचारलंयस. ब्रिटिश कोलंबियातल्या सरकारी शाळांत माझी बावीस वर्षं गेली, म्हणून थोडं सांगते.

पहिल्या पंधरवड्यात तिघांच्याही घरी फोन कर. तक्रारीचा नको. ‘आज याने शेजारच्याला भागाकार समजावून दिला’ एवढं सांगितलंस तरी पुष्कळ. माझ्या पहिल्या वर्षी मी गृहपाठाची तक्रार करायला एका घरी फोन लावला होता. पलीकडे आजी होत्या. माझं बोलणं संपेपर्यंत गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “त्याला घेऊन जाणार का?” मला काही उमजेना. संध्याकाळी शाळेत मूळ रहिवासी मुलांच्या मदतीला असणाऱ्या इंडिजिनस सपोर्ट वर्करबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी आधी मला खुर्चीवर बसवलं.

निवासी शाळांबद्दल, म्हणजे मूळ रहिवाशांची मुलं घरापासून तोडून ज्यांत ठेवली त्या सरकार आणि चर्चच्या शाळांबद्दल, तू वाचलं असशीलच. १९२० साली कायद्याने सक्ती आली आणि मुलं घरातून उचलून नेली जाऊ लागली. एकूण दीड लाखाहून जास्त मुलं त्या शाळांत गेली. आपली भाषा बोललं की शिक्षा. कित्येक परत आलीच नाहीत. शेवटच्या शाळा बंद झाल्या त्या १९९०च्या दशकात, म्हणजे अगदी काल-परवा. तुझ्या वर्गातल्या मुलांचे आजी-आजोबा तिथून आलेले असू शकतात, क्वचित आई-वडीलही. ‘हे पालक मीटिंगला येत नाहीत, त्यांना पर्वाच नाही’ असं स्टाफरूममध्ये तुझ्या कानावर येईल. त्यात मान डोलवू नकोस.

३० सप्टेंबरला त्या मुलांच्या आठवणीची सुट्टी असते, म्हणून त्याच्या आधी एक दिवस सगळी शाळा नारिंगी शर्टात येते. सहा वर्षांच्या फिलिस वेबस्टॅडला आजीने नवा नारिंगी शर्ट घेऊन दिला होता. १९७३ साली निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिलाच नाही. ही गोष्ट वर्गात जरूर सांग. पण सांगताना सगळ्यांच्या माना त्या तिघांकडे वळतील, तुझी वळू देऊ नकोस. ‘तुमच्या घरी काय झालं?’ हा प्रश्न चारचौघांत कधीही नको. विषय काढायच्या आधी घरी कळवून ठेव. आणि कागदी पिसांचे मुकुट करायला लावू नकोस, कितीही गोड दिसले तरी. ते मुकुट मैदानी प्रदेशातल्या लोकांचे. तुझी शाळा केट्झी, क्वांटलन, सेमियामू या फर्स्ट नेशन्सच्या भूमीवर आहे. ही नावं रोज सकाळच्या घोषणेत येतील, तेव्हा उच्चार त्यांच्याच कुणाकडून शिकून घे. आपल्या आडनावांची इथे काय दशा होते ते तुला माहीत आहेच.

आता जरा कडक बोलते. दया येते म्हणून सोपी गणितं देऊ नकोस. २०१५ साली या प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी सरकारी शाळांच्या तपासणीत नेमकं यावरच बोट ठेवलं होतं: या मुलांकडून कमी अपेक्षा ठेवणं हाही वंशभेदच. पोराला अपूर्णांक येत नसतील तर ते शिकव. आधी वाटलं तर जेवू घाल, पण शिकव.

‘आपण तर काल आलो, आपला काय संबंध?’ हे आपल्या मंडळींत, गणपतीच्या जेवणावळीतसुद्धा, ऐकू येतं. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्यशोधन आयोगाच्या ९४ शिफारशींतल्या शेवटच्या दोन नेमक्या नव्याने येणाऱ्यांसाठी आहेत. २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतच मूळ रहिवाशांच्या हक्कांचा उल्लेख आला आहे. तू ती शपथ घेशील तेव्हा जरा सावकाश म्हण.

आणि मी कुठली धुतल्या तांदळासारखी? इथे येण्याआधी दोन वर्षं सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवत होते. पावरी बोलणाऱ्या पोरांना दिवसातून दहादा ‘नीट मराठीत बोल’ म्हणायचे. तिथे कुणी मुलं पळवून आणली नव्हती, दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. पण ती पोरं माझ्या तासाला ओठ मिटून बसायची, ते मला अजून दिसतं.

त्या आजींना पुढे मी दर दोन आठवड्यांनी फोन करत राहिले, नातवाचं काही ना काही चांगलं सांगायला. मार्चमध्ये त्या शाळेत आल्या. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, कोट अंगातच ठेवून. अर्धा तास बसल्या आणि गेल्या. जूनमध्ये मात्र वाळवलेला सामन मासा घेऊन आल्या.

सामनवरून आठवलं. शरदात मासे नदीत चढतात, तेव्हा एखादं मूल चार-पाच दिवस दिसणार नाही. गैरहजेरी मांडण्याआधी घरी विचार. आणि परत आल्यावर त्याला मासा कसा चिरतात ते विचार, पण मधल्या सुट्टीत.

पहिल्या फोनचं काय झालं ते कळव.

तुझी,
मावशी