‘पिशवी गर्भ धरत नाही’ असं ऐकून आलेली दोघं

“मॅडम, दुसऱ्यांदाही आठव्या आठवड्यातच गेलं. माझंच काही चुकलं का? मी गाडीवरून ऑफिसला जात होते.” तिच्या शेजारी सासूबाई होत्या, नवरा जरा मागे बसला होता. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. गाडी, जिने, पपई यांमुळे असं होत नाही. पहिल्या तीन महिन्यांतल्या सुमारे निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो. तो बहुतेक वेळा योगायोगाने, गर्भ तयार होतानाच आलेला असतो. हे मी सासूबाईंकडे बघून पुन्हा सांगितलं, कारण घरी गेल्यावर तिला बोलणी बसणार की आधार मिळणार, हे त्यांच्यावर होतं.

फाइलमध्ये टॉर्चचे, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या रक्ततपासणीचे, दोन महागडे रिपोर्ट होते. ‘आयजीजी पॉझिटिव्ह’ म्हणजे तो संसर्ग पूर्वी कधीतरी होऊन गेला. वारंवार गर्भपाताचं कारण म्हणून ही तपासणी करू नये, असंच आता तज्ज्ञ सांगतात. तरी ती सर्रास होते आणि बाई महिनोन्‌महिने गोळ्या घेत राहते, याचं मला फार वाईट वाटतं.

खऱ्या उपयोगाच्या तपासण्या मोजक्याच: थायरॉइड, मधुमेहाची शंका असेल तर साखर, पिशवीत पडदा आहे का हे पाहणारी थ्रीडी सोनोग्राफी आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (रक्तात गुठळ्या व्हायला कारण ठरू शकणारी प्रतिद्रव्यं). त्यांच्या डॉक्टरांनी दोघांच्या गुणसूत्रांची तपासणीही सुचवली होती. त्यावर नवरा म्हणाला, “माझ्या रक्ताचा काय संबंध?” संबंध आहे. गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेला माणूस स्वतः ठणठणीत असतो, पण त्याच्याकडून गर्भात गुणसूत्रांचा भाग कमी-जास्त जाऊ शकतो. ती बाईत असू शकते तशी पुरुषातही. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग रक्त द्यायला तयार झाला.

बाकी सगळं नॉर्मल आलं, फक्त अँटीफॉस्फोलिपिडपैकी एक, कार्डिओलिपिन अँटीबॉडी, किंचित वाढलेली. “मग इंजेक्शनं सुरू करू या ना,” ती घाईने म्हणाली. पण ही चाचणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. साध्या तापानंतरही ती काही काळ वाढलेली दिसू शकते. दोन्ही वेळा ठळक पॉझिटिव्ह आली, तरच ॲस्पिरिनच्या गोळ्या आणि हेपॅरिनची इंजेक्शनं या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांचा विचार होतो. तिला ती वाट पाहणं फार जड गेलं. दुसऱ्यांदा रिपोर्ट निगेटिव्ह आला.

म्हणजे कारण सापडलंच नाही. ती रडली. “काहीतरी सापडलं असतं तर उपचार तरी झाले असते.” तिचं दुःख खरं होतं. पण कारण न सापडलेल्या निम्म्याहून अधिक जोडप्यांना पुढे मूल होतं, हेही तितकंच खरं आहे, आणि ते मी तिला स्पष्ट सांगितलं.

पुढचं एका कागदावर लिहून दिलं. फॉलिक ॲसिड आतापासून, नवऱ्याची तंबाखू बंद, दिवस राहिल्यावर सातव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी. रक्तस्राव झाला तर लगेच डॉक्टरांकडे. प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक द्यायचं का, ते तेव्हा ठरवतील. आणि दुर्दैवाने पुन्हा तसं झालंच, तर गर्भाच्या ऊतींची गुणसूत्र तपासणी करायची हे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं. नमुना निर्जंतुक सलाइनमध्ये जायला हवा. फॉर्मॅलिन या नमुने टिकवायच्या रसायनात टाकला तर पेशी मरतात आणि त्यांची वाढ करून गुणसूत्रं पाहता येत नाहीत. हे शेवटचं वाक्य नवऱ्याने स्वतःच्या मोबाइलमध्ये टिपून घेतलं.