चाबी कुटारात गेली, आता गाडी चालू कशी करू?

सोयाबीनचा हंगाम आटोपला की दरवर्षी आमच्याकडे चाब्यांचे प्रश्न यायला लागतात, काऊन ते देवालाच ठाऊक. यंदाचे चार घेतलेत.

प्रश्न : नमस्कार भाऊ. दारव्हा तालुक्यात आमचं वावर आहे. सोयाबीनले थ्रेशर लावला होता, दिवसभर कुटार (भुसा) ओढता ओढता खिशातली कारची चाबी कुठं पडली समजलंच नाई. सगळा ढीग दोनदा पालथा घातला, नाई म्हणजे नाईच भेटली. गाडी सेकंडहँड घेतली तवाच एक चाबी होती. आठ दिवसांपासून गाडी धुऱ्यावर (बांधावर) उभी आहे. शोरूमवाले म्हणतात गाडी इकडं घेऊन या, आता चाबीच नाई तर आणू कशी? लहाना भाऊ म्हणते ट्रॅक्टरनं टोचन करू. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी लहान्या भावाला ट्रॅक्टरवरून उतरवा. चाबी काढलेली असली की स्टेअरिंग थोडं फिरताच खटकन लॉक होतं, मग टोचन केलेली गाडी वळणावर वळत नाही, सरळ नालीत जाते. आणि ऑटोमॅटिक असेल तर चाकं जमिनीवर ठेवून ओढणं म्हणजे गिअरबॉक्सची वाट लागली समजा. गाडी न्यायचीच नाही, चाबीवाल्याला गाडीजवळ आणायचं. बाजारात कानस घेऊन बसतो तो नाही बरं, कोडिंगचं मशीन घेऊन फिरणारा. अमरावती-नागपूरकडे विचारा, भेटतात.

मशीन कशाला लागतं ते सांगतो. तुमच्या चाबीच्या काळ्या डोक्यात एक इवलीशी चिप असते, तिला सेलबिल काही लागत नाही. चाबी लावली की कुलपाभोवतीची तारेची रिंग तिला जागं करते, चिप आपला नंबर सांगते, गाडीच्या कॉम्प्युटरनं ओळखला तरच इंजिन चालू राहतं. यालाच इमोबिलायझर म्हणतात, युरोपात नव्या गाड्यांना तो १९९८ पासून सक्तीचा आहे. म्हणून नुसती पत्र्याची चाबी घासून दरवाजा उघडेल, गाडी चालू होणार नाही. नव्या चिपचा नंबर गाडीला ओळखवून देणं, यालाच कोडिंग म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात माझीच चाबी हरवली होती, आर्णीकडे एका लग्नात, आणि माझ्याकडेही एकच होती, म्हणजे तुम्हाला बोलायला मला तोंड नाही. चाबीवाला मोटरसायकलवर आला, पाठीला बॅग. दरवाज्याच्या कुलपात बारीक पट्टी घातली, डोळे मिटून एकेक दात चाचपला आणि सिगारेटच्या पाकिटावर आकडे लिहीत गेला, २, ४, १, ३ असे. त्या आकड्यांवरून छोट्या मशीनवर पातं कापलं, दरवाजा उघडला. मग स्टेअरिंगखालच्या सॉकेटात वायर लावून कोडिंग सुरू केलं तर अर्ध्यातच मीटरवरचे सगळे दिवे एकदम लागले, गणपतीची लायटिंग जशी. गाडीची बॅटरी बसली होती, चाबी हरवायच्या आधी मी तासभर दरवाजे उघडे ठेवून गाणी लावली होती ना! शेवटी मांडवामागच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडली, तीही १२ व्होल्टचीच असते, आणि दुसऱ्यांदा केलं. मीटरवर चाबीच्या चित्राचा लाल दिवा टिकटिक करत होता, तो विझला आणि गाडी चालू झाली तेव्हा सगळे वऱ्हाडी नवरदेवाला सोडून माझ्याकडे पाहत होते.

तुमची गाडी आठ दिवस उभी आहे, म्हणजे बॅटरीची सोय आधी करून ठेवा. फोनवर चाबीवाल्याला मॉडेल, साल, चाबी फिरवायची की बटन दाबायचं, आणि मुख्य म्हणजे एकही चाबी जिवंत नाही हे स्पष्ट सांगा. एक चाबी असली तर दुसरी जोडणं बऱ्याच गाड्यांत थोड्या वेळाचं काम असतं. एकही नसली की काही गाड्यांना त्या गाडीचा गुप्त पिन कोड लागतो, काहींत आतला कॉम्प्युटरचा डबा काढून त्याची मेमरी वाचावी लागते, काहींत मशीन लावून नुसतं वाट पाहत बसावं लागतं, आणि पैसेही त्या हिशोबानं वाढतात. यायचे-जायचे किती, चाबीचे किती, काम नाही झालं तर किती, हे तो घरून निघायच्या आधी ठरवा, धुऱ्यावर उभं राहून भाव करता येत नाही. बरीच मशिनं इंटरनेटवर चालतात, तुमच्या वावरात रेंज येते का तेही सांगून ठेवा.

आरसी आणि आधार जवळ ठेवा, डिजिलॉकरमधली आरसी असली तरी दाखवा. जो चाबीवाला कागद मागतच नाही त्याला मी तरी गाडीला हात लावू देणार नाही, तो उद्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून तुमच्याही गाडीची चाबी बनवून देईल. पोलीस ठाण्यात चाबी हरवल्याची नोंद करा. विम्यात चाबीचं वेगळं कव्हर घेतलं असेल तर ती लागते, आणि उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाब्या मागते, तेव्हाही तो कागद कामी येतो.

आणि काम सुरू असतानाच त्याला दोन गोष्टी सांगा. जुनी चाबी मेमरीतून उडव, आणि दोन चाब्या बनव, तो आलेलाच आहे तर दुसरीचे पैसे फार वाढत नाहीत. जुनी उडवली की कुटारात ती कोणाला सापडली तरी गाडी चालू होणार नाही, दरवाजा मात्र उघडेल बरं, म्हणून गाडीत पैसे ठेवू नका. हो, ते कुटार ढोरांना टाकताना हातानं उकलून टाका. चाबी गाईच्या पोटात गेली तर चाबीवाला नाही, डॉक्टर बोलवावा लागेल.

प्रश्न : मी आरमोरीजवळ शिक्षिका आहे. माझी बटनवाली गाडी आहे, चाबी पर्समध्येच असते तरी कधी कधी मीटरवर चाबी सापडत नाही असं येतं, दोन-चार वेळा दाबलं की चालू होते. संध्याकाळी शाळेजवळ कोणी नसतं, भीती वाटते.

उत्तर : ताई, बहुतेक सेल मरायला टेकलाय, आणि पर्समध्ये चाबी मोबाईलला चिकटून असेल तर त्यानंही गोंधळ होतो, वेगळ्या कप्प्यात ठेवून पाहा. सेलवर नंबर असतो तोच आणा. सीआर२०३२ म्हणजे २० मिमी रुंद आणि ३.२ मिमी जाड. दुकानदार २०२५ देऊन चालते म्हणतात, ती जाडीला कमी, आत ढिली बसते आणि खड्ड्यात गाडी आदळली की परत तोच तमाशा. दोन घ्या, एक शाळेच्या टेबलात राहू द्या.

सेल पूर्ण मेला तरी घाबरू नका. रिमोटच्या कडेला छोटी खटकी असते, ती दाबली की आतून लोखंडी चाबी निघते, तिनं दरवाजा उघडतो. मग बऱ्याच गाड्यांत रिमोटच स्टार्ट बटनाला टेकवून ब्रेक दाबून बटन दाबलं की गाडी चालू होते, काहींत ठेवायची जागा वेगळी असते, पुस्तिकेत चित्र आहे. आज दिवसाउजेडी अंगणात एकदा करून पाहा.

प्रश्न : रिमोट पँटीसोबत मशीनमध्ये धुतला गेला. मेला का?

उत्तर : लगेच दाबून पाहू नका. उघडा, सेल काढा, पंख्याखाली दोन दिवस सुकवा, मग नवीन सेल टाका. बऱ्याचदा वाचतो.

प्रश्न : हिंगणघाटकडून लिहितोय. माझ्या रिमोटचं कव्हर फुटलं, बटनं आत गेली. ऑनलाइन जुना रिमोट ८०० ला दिसतोय, मित्राकडं भंगारात गेलेल्या गाडीचाही आहे. कोणता घेऊ?

उत्तर : दादा, दोन्ही नको. दुसऱ्या गाडीला जोडलेला बटनवाला रिमोट बहुतेक वेळा त्याच गाडीशी बांधला जातो, तुमच्या गाडीला तो घेता येत नाही. काही चाबीवाले तो मोकळा करून देतात पण मग त्याचेच पैसे. आणि तुमचा रिमोट तर मेलेलाच नाही, नुसतं कव्हर गेलंय. रिकामं कव्हर विकत घ्या, आतलं सर्किट त्यात टाका, कोडिंग लागत नाही.

फक्त एक गोष्ट. चाबी फिरवायची गाडी असेल तर चिप बऱ्याचदा सर्किटवर नसते, जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात वेगळी खोचलेली असते, काळा बारीक तुकडा, प्लास्टिकच वाटतो. मी एकदा कव्हर बदललं, जुनं फेकलं, दरवाजे मस्त उघडले, लाइटा लागल्या, गाडी काही चालू होईना. अर्धा दिवस मेकॅनिकला शिव्या दिल्या. शेवटी बायकोनं कचऱ्याच्या डब्यातून ते कव्हर काढून आणलं, चहाच्या चोथ्यात भरलेलं, आणि चिप त्यातच होती.