'देणगीदार देश' म्हणावं का?

अमळनेरच्या राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. नेपाळवरच्या प्रकल्पाला त्यानं शीर्षक दिलंय: 'देणगीदार देशांच्या अनुदानातून नेपाळमधील सुशासनाचे बळकटीकरण व विकेंद्रीकरण'. सरांनी 'देणगीदार'खाली लाल रेघ मारली, पण पर्याय काही सुचवला नाही. दाते, देणगीदार की अनुदानकर्ते, यातलं काय लिहावं?

रेघ बरोबर जागी आहे. देणगी म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे पावती पुस्तक येतं, नाहीतर सभामंडपातली संगमरवरी फरशी: 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ रु. ५,००१'. नाव कोरलं गेलं की देणाऱ्याचा विषय संपला. मंडपाला रंग कोणता द्यायचा हे विचारायला तो येत नाही. (येतो कधी कधी, पण मग गावात बोललं जातं.) नेपाळमध्ये २०१९ साली प्रदेश व स्थानिक पातळीच्या कारभारासाठी जो सहयोग कार्यक्रम सुरू झाला, त्याला नॉर्वे, स्वित्झर्लंड, ब्रिटन, युरोपीय संघ यांनी पैसा दिला. असा पैसा करार करून येतो, टप्प्याटप्प्यानं येतो, आणि प्रत्येक टप्प्याला अहवाल द्यावा लागतो. ही देणगी नव्हे.

मग अनुदान? हा शब्द आपण इतका वापरलाय की त्याच्या कडा झिजल्यात. रावेर-यावलकडे 'अनुदान आलं का?' म्हणजे ठिबकचं. शिक्षकांत बसलात तर तोच प्रश्न पगाराचा, कारण शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित. साक्रीकडचा माणूस अहिराणीत नुसतं 'पैसा उना का?' विचारतो आणि समोरच्याला कुठला ते कळतं. या सगळ्यांत एक गोष्ट मात्र पक्की आहे: अनुदान वरून खाली येतं, सरकारकडून, आणि खर्च झाल्यावर उपयोगिता प्रमाणपत्र वर जातं. म्हणून केंद्राकडून पालिकेला गेलेल्या पैशाला अनुदान म्हणावं, परक्या देशाकडून आलेल्याला शक्यतो नको. शिवाय नेपाळच्या बाबतीत तर घोटाळाच होईल. तिथल्या घटनेतच समानीकरण अनुदान, सशर्त अनुदान, समपूरक अनुदान असे प्रकार आहेत आणि ते संघाकडून प्रदेशांना (म्हणजे तिथल्या राज्यांना) व स्थानिक तहांना (म्हणजे गावपालिका-नगरपालिकांना; 'तह' म्हणजे नेपाळीत पातळी) मिळतात. तुमच्या शीर्षकातलं 'अनुदान' वाचून जाणकार वाचक तिकडेच जाईल.

नेपाळी माणसंही या शब्दावर अडखळलीत. पूर्वी 'दातृ राष्ट्र', 'दातृ निकाय' म्हणत, आता कागदोपत्री 'विकास साझेदार' म्हणतात. ऐकायला छान, पण पैसा एकाच बाजूनं येत असताना साझेदार म्हणणं मला जरा गुळचट वाटतं. मराठीत 'अर्थसाहाय्य' हा साधा शब्द आहे. त्यात मोठेपणाही नाही आणि फुकटेपणाही नाही. 'अर्थसाहाय्य करणारे देश' लिहा. तेच पुन्हा पुन्हा येत असेल तर पुढे 'साहाय्यक देश' चालेल.

एक मात्र तपासून घ्या. परदेशी मदत म्हणून जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं कर्ज असतं. महाराष्ट्रात जलस्वराज्य प्रकल्प जागतिक बँकेच्या पैशानं झाला, २००३ मध्ये मंजूर झालेला. गावात 'जागतिक बँकेनं दिले' असंच बोललं जायचं, पण ते कर्ज होतं. त्यात गावाकडून खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी मागितली जायची. हा 'वर्गणी' शब्द बघा: देणारे आणि हिशेब विचारणारे एकच. देणगीदाराला जे विचारायचा संकोच वाटेल ते वर्गणीदार चावडीवर उभं राहून विचारतो.

'सुशासन'सुद्धा बदला. गव्हर्नन्स म्हणजे कारभार, तो चांगला असेल किंवा वाईट. 'सुशासनाचे बळकटीकरण' म्हटलं की ते आधीच चांगलं होतं असं तुम्ही मान्य करून बसता.

विकेंद्रीकरणाबाबत थोडं सांभाळून. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, जिल्हाधिकारी कार्यालय जवळ आलं. सोय झाली, पण निर्णय घेणारे अधिकारी राज्याचेच राहिले. ते विभाजन. अक्कलकुवा-धडगावच्या ग्रामपंचायतींना पेसाखाली (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाला न बांधलेला, निधी थेट मिळू लागला आणि तो कशावर घालायचा हे ग्रामसभेनं ठरवायचं, हे विकेंद्रीकरणाच्या जवळ जातं. वित्त आयोगाच्या भाषेत हाच शब्द 'अबंधित' होतो, आणि पंधराव्या आयोगाचा अबंधित निधीही पगार-आस्थापनेवर खर्च करता येत नाही, म्हणजे त्यालाही दावं आहेच. नेपाळमध्ये २०१५ च्या घटनेनं ७५३ स्थानिक तहांना स्वतःचे अधिकार दिले, तेव्हा तुमचा शब्द तिथे शोभतो. फक्त ते विकेंद्रीकरण घटनेनं केलं, साहाय्यक देशांनी नाही. तुमच्या शीर्षकात ते त्यांच्या पैशानं झाल्यासारखं वाचलं जातं.

माझ्या मते शीर्षक असं ठेवा: 'नेपाळमधील स्थानिक कारभार, विकेंद्रीकरण आणि परदेशी अर्थसाहाय्य'. 'बळकटीकरण' गाळलंय. बळकटी आली की नाही, हे तर तुमच्या प्रकल्पातून ठरायचंय.