मुंबईत लॅब्रॅडॉरच्या सात पिल्लांसाठी चांगली घरं कशी शोधायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या लॅब्रॅडॉरला सात पिल्लं झालीत, ती आता पाच आठवड्यांची आहेत, घर वन बीएचके आहे आणि शेजारीपाजारी ‘आताच देऊन टाका, मोठी झाली की कोणी घेत नाही’ म्हणून मागे लागलेत. पैसे घ्यावेत का, हेही विचारलंय. मी या सगळ्यातून गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एवढंच सांगते, अजून तीन आठवडे एकही पिल्लू घराबाहेर देऊ नका. पाच आठवड्यांची पिल्लं दिवसभर एकमेकांना चावत असतात ना, ती त्यांची शाळा आहे. एकाने दुसऱ्याचा कान जोरात धरला की ते केकाटतं, खेळ मोडतो, आणि चावणाऱ्याला समजतं की इतक्या जोरात नाही चावायचं. ज्या पिल्लाचं हे शिकणं राहून जातं, त्याचे दात पुढे घरातल्या लहान मुलांच्या पोटऱ्यांवर उमटतात. शिवाय कुत्र्यांच्या पैदाशीसाठी आणि विक्रीसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केलेत, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. शेजाऱ्यांना हे सांगून बघा, नियम म्हटला की लोक जरा ऐकतात.

आमची चिकू २०२१ च्या जुलैत व्यायली. पार्ल्यात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-किचन, बाहेर धो धो पाऊस आणि घरात आठ पिल्लं. सगळी एकाच फिक्या पिवळ्या रंगाची, त्यामुळे ओळखायला प्रत्येकाच्या गळ्यात लोकरीचा वेगळा धागा बांधला होता. रोज सकाळी एकेकाला पातेल्यात बसवून किचनमधल्या काट्यावर ठेवायचे आणि वजन कॅलेंडरच्या मागे लिहायचे. हिरव्या धाग्याचा सगळ्यात बारका. इतरांनी ढकललं की तो आईच्या पाठीमागून वळसा घालून दुसऱ्या बाजूने दूध शोधायचा. त्याच हिरव्याच्या बाबतीत मी चुकले, आणि मला जे कळलं ते त्याच्यामुळेच.

हिरव्याला एका नवरा-बायकोला दिलं. ठाण्याला मोठा फ्लॅट, स्वच्छ, दोघंही प्रेमळ. तेव्हा दोघांचंही घरून काम चालू होतं. मी घर बघितलं, बाल्कनी बघितली, खिडकीच्या ग्रिलमधल्या फटी मोजल्या. विचारायचं राहिलं ते एकच, की ऑफिस सुरू झाल्यावर काय. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला एक व्हिडिओ पाठवला. हिरव्या बाल्कनीत बांधलेला, पाण्याचं भांडं उपडं, आणि लिफ्टचं दार वाजलं की भुंकतोय. सकाळी आठला घर बंद व्हायचं ते रात्री साडेसात-आठला उघडायचं. त्या दोघांना मी वाईट म्हणणार नाही. फोन केला तेव्हा ती मुलगी रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने जाऊन त्याला घेऊन आले. नखं इतकी वाढली होती की जिना चढताना टकटक वाजत होती.

तेव्हापासून कोणालाही मी पहिला प्रश्न हाच विचारते, की दुपारी घरी कोण असतं? आणि दोन वर्षांनी कोण असेल? मुंबईत जागेपेक्षा वेळेची अडचण मोठी आहे. विरारहून किंवा कल्याणहून लोकलने जाणारं माणूस दिवसाचे बारा तास बाहेर असतं. पिल्लाला सुरुवातीला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, दर दोन तासांनी शी-शू, आणि लॅब्रॅडॉर एकटा राहिला की सोफा फाडतो, चपला खातो, रडतो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी स्वतः बोला. मुलगा आणि सून ‘आई बघतील की’ म्हणतात आणि आईंना कुत्र्याची भीती वाटत असते, असं मी दोनदा बघितलंय.

दुसरा प्रश्न, गणपतीत गावाला जाता का? कोकणातल्या माणसांना मी हे विचारतेच. गणपती, शिमगा, मे महिना, घराला कुलूप, मग कुत्र्याचं काय? ‘शेजाऱ्यांकडे ठेवू’ म्हणाले तर त्या शेजाऱ्यांना भेटते. चिकूची पिल्लं आठ आठवड्यांची झाली तेव्हा गणपती तोंडावर आले होते. गावाला जाणार असलेल्या तिघांना मी ‘आल्यावर न्या’ म्हणून सांगितलं, आणि त्यातला एकजण फिरकलाच नाही. बरंच झालं.

हिरव्या परत आल्यावर तीन महिने आमच्याकडे राहिला. मग चिकूच्या डॉक्टरांनी एका गृहस्थांना पाठवलं. बेस्टमधून निवृत्त झालेले, लालबागला चाळीत राहणारे. खोली जेमतेम दहा बाय बारा, पुढे कॉमन गॅलरी. मी मनातून नाहीच म्हणून गेले होते. काका पहिल्यांदा आले तेव्हा शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांतल्या माणसांना बरोबर घेऊन आले. म्हणाले, ‘गॅलरी यांचीही आहे, यांना चालेल का ते आधी बघू दे.’ हे इतकं साधं, पण तोवर आलेल्या वीसेक लोकांपैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आज हिरव्या दिवसभर त्यांच्या उंबरठ्यावर हनुवटी टेकून पडलेला असतो, दार उघडंच असतं. पहाटे पाचला रस्ते मोकळे असताना काका त्याला तासभर फिरवतात. कार्यक्रमाला जायचं असेल तर पलीकडच्या वहिनी त्याला जेवायला घालतात. तेव्हा तुमच्याकडे कोणी चाळीतून आलं तर खोलीच्या मापावरून नाही म्हणू नका. आणि टू बीएचके ऐकून लगेच हो म्हणू नका.

आता माणसं शोधायची कुठे? माझा अनुभव असा की पहिला फोन तुमच्या डॉक्टरांना करा. ज्यांचं म्हातारं कुत्रं नुकतंच गेलंय, ज्यांना पंधरा वर्षं कुत्रं सांभाळायची सवय आहे, अशी माणसं त्यांना माहीत असतात. मग ग्रूमर, सकाळी कुत्री फिरवायला नेणारी मुलं, तुमच्या आणि नातेवाइकांच्या सोसायट्यांचे ग्रुप. फोटोखाली मोबाइल नंबर टाकून तो फॉरवर्ड करत सुटू नका. मी टाकला आणि मला सुरतेहून, नाशिकहून, रात्री अकराला फोन यायला लागले, ‘लॅब किती को दिया?’ म्हणून. ‘फीमेलच पाहिजे’ म्हणणाऱ्याला कारण विचारा. बरेचजण सरळ सांगतात, ‘पुढे पिल्लं काढता येतील.’ त्यांना नाही म्हणा, कितीही पैसे देत असले तरी.

पैशांबद्दल. नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. मी किंमत लावली नाही. पण अगदी फुकटही दिली नाहीत, कारण फुकटचं पिल्लू उचलून दुसऱ्या दिवशी विकणारे असतात. प्रत्येकाकडून लस आणि जंताच्या औषधाचा खर्च घेतला, पावत्या समोर ठेवून. त्यात घासाघीस करणाऱ्याला दिलं नाही, जो पुढे दरवर्षी डॉक्टरकडे जाणार आहे तो इथे घासाघीस करत नाही असं मला वाटतं.

लोक कागदही मागतील. आई-बाप दोघांची केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंदणी असेल तरच पिल्लांची वंशावळ मिळते. नसेल तर स्पष्ट सांगा. आणि कागद असले तरी ते तब्येतीचं प्रमाणपत्र नव्हे. लॅब्रॅडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास आई-बापाकडून येऊ शकतो, तो त्यांच्या एक्स-रेमध्ये दिसतो. आमच्या चिकूला पावसाळ्यात कान पिकायचे. लोंबते कान आणि मुंबईची दमट हवा, दुसरं काय होणार. हे मी प्रत्येकाला आधीच सांगितलं. ऐकून दोघं मागे फिरले, त्यांचं मला वाईट वाटलं नाही.

तुमच्या हातातले हे तीन आठवडे मात्र वाया घालवू नका. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस, दर पंधरा दिवसांनी जंतांचं औषध, डॉक्टर वेळापत्रक देतील. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर, ती नव्या घरी द्यायची आहे हे लसीच्या पुस्तिकेवर लिहून द्या. बघायला येणाऱ्यांना चपला दाराबाहेर काढायला लावा, हातपाय धुवायला लावा. पार्व्होचा विषाणू चपलेच्या तळव्यावर बसून घरात येतो, महिनोन्‌महिने टिकतो, आणि लस न झालेली पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावू शकतात. लसी पूर्ण होईपर्यंत खाली रस्त्यावर सोडू नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो, तो वेगळाच. घरातले आवाज मात्र सगळे ऐकू द्या. मिक्सर, कुकरची शिट्टी, दाराची बेल. आमच्या पिल्लांच्या कोपऱ्यापासून चार हातांवर मी रोज नारळ फोडायचे, आठवड्याभरात एकाचाही कान हलेना.

पिल्लू द्यायचं ठरलं की ते तुम्ही स्वतः पोचवा, न्यायला बोलावू नका. घर बघता येतं आणि सोसायटीचा वॉचमन काय बोलतो तेही कळतं. कोणतीही सोसायटी कुत्रं पाळायला बंदी घालू शकत नाही, भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं तसं परिपत्रक आहे. पण नेणाऱ्याने सेक्रेटरीशी आधी बोललेलं बरं, कारण भांडण झालं की राग कुत्र्यावर निघतो. पालिकेचा परवाना काढायला सांगा. एका कागदावर चार ओळी लिहून सही घ्या, की विकणार नाही, पैदाशीला वापरणार नाही, वेळेवर नसबंदी करू आणि सांभाळणं जमेनासं झालं तर तुमच्याकडेच परत आणू. शेवटची ओळ मोठ्याने वाचून दाखवा. हिरव्याच्या वेळी त्या दोघांना परत आणायची लाज वाटत होती, म्हणून सहा आठवडे त्यांनी मला कळवलंच नाही.

सातही पिल्लं एका दिवशी देऊ नका. चिकूची तीन पिल्लं एका रविवारी गेली, तर चिकू रात्रभर वॉशिंग मशीनच्या मागे, पलंगाखाली, परत दाराशी अशी फिरत होती. नंतरची मी चार-पाच दिवसांच्या अंतराने दिली, प्रत्येकाबरोबर तिच्या गोधडीचा एक तुकडा आणि तीन दिवसांचं रोजचं खाणं. पुढच्या वर्षी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात तिचं नसबंदीचं ऑपरेशन करून घेतलं. तुम्हीही दूध आटलं की डॉक्टरांना विचारून तारीख घ्या.

आणि एखादं पिल्लू तीन महिन्यांचं, चार महिन्यांचं होईपर्यंत राहिलं तर घाबरून कोणाच्याही हातात देऊ नका. आमची निळ्या धाग्याची साडेचार महिन्यांनी गेली, वसईला एका शिक्षिकेकडे. त्या दुपारी साडेबाराला घरी येतात.